तित्तिराचा डोळा

माझा भाऊ लुबर्ट मेलेले पक्षी रंगवायचा. दुसरं काही नाही. फुलं नाहीत, जहाजं नाहीत, माणसं तर नाहीतच. खिळ्याला टांगलेली रानबदकं, दगडी फळीवर मान टाकून पडलेले पाणलावे, एखादा ससा, बाजूला शिकारीची झोळी. आमच्या हार्लेम शहरात असं काम करणारे आणखीही होते. पण जीव गेल्यावर पक्ष्याची मान नेमकी कशी लोंबते, ते लुबर्टइतकं कुणाला जमत नाही असं लोक म्हणायचे. का जमत नाही, ते लोकांना ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण आम्ही एकाच घरात वाढलो.

आमचे बाबा बदकं धरायचे. शहराबाहेर, मोठ्या सरोवराच्या अंगाला त्यांचं तळं होतं. तळ्याच्या कोपऱ्यांतून वाकडे चर काढलेले, चरांवर जाळीचं छत, पुढे पुढे निमुळतं होत गेलेलं. पाळलेली बदकं दाण्यांच्या लोभानं चरात शिरायची आणि त्यांच्यामागून रानातली. मग बाबा बोरूच्या ताटीआडून उठून उभे राहायचे. रानातली बिथरून पुढे पळायची, आणखी अरुंद जाळीत. बंदूक नाही, आरडाओरडा नाही. एक पक्षी ओरडला तरी सगळं तळं रिकामं होणार. म्हणून शेवटचं काम हातानं आणि मुकाट्यानं करायचं. मानेच्या वरच्या टोकाला दोन बोटं, एक ओढ, एक पीळ.

हे काम लुबर्टकडे नवव्या वर्षी आलं. मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. पोरगं एका जागी बसेल तर शपथ. जेवतानासुद्धा बाकाखाली पाय हलत असायचे. आई म्हणायची, "याच्या अंगात पारा भरलाय." पण जाळीच्या टोकाशी त्याचे हात असे चालायचे की बाबाही बघत राहायचे. "पोराच्या हाताला गुण आहे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे. मी खोपटात बसून पिसं काढायची. लुबर्ट टोपली आणून माझ्यापुढे ओतायचा आणि तसाच माघारी पळायचा.

रिकामा असला की तो ताट्यांवर कोळशानं पंख काढायचा. ते बघून बाबांच्या एका ओळखीच्यानं त्याला शहरातल्या चित्रकाराकडे शिकायला ठेवला. पुढे तो स्वतः मास्टर झाला, चित्रकारांच्या संघात नाव लागलं, कापड धुऊन पांढरं करणाऱ्यांच्या घरातल्या ट्राइनशी लग्न झालं. बाबा गेल्यावर मीही शहरात आले आणि मोठ्या चर्चच्या भिंतीलगत पक्ष्यांचं दुकान मांडलं. मी मांडते, तो रंगवतो, ट्राइन शिजवते, असं आमचं चाललं होतं.

पक्षी थांबत नाही, असं लुबर्ट म्हणायचा. मेल्यावर तर मुळीच नाही. सगळ्यांत आधी डोळा जातो. सकाळी टांगला तर दुपारपर्यंत आत बसतो, वर दुधाळ पडदा धरतो. मग पायांचा आणि चोचीचा रंग उतरतो. पिसं तेवढी थांबतात, थंडीत चार-चार दिवस थांबतात. म्हणून डोळा आधी, मग पाय, मग चोच, पिसं शेवटी. असल्या घाईच्या कामामुळेच तो चित्रकार म्हणून टिकला, असं मला वाटतं. ज्याला सावकाश करायचं असतं त्यानं लिंबं रंगवावीत. लुबर्ट उभ्यानं रंगवायचा, दोन पावलं मागे, दोन पुढे. घराच्या माळ्यावर तो रंगवायचा, तिथल्या जमिनीच्या फळ्या तेवढ्या पट्टीत झिजल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी पक्ष्याला वास सुटला की खालून ट्राइनचा आवाज यायचा, "आज पिसं संपव. नाहीतर तुझं ताट मी माळ्यावर पाठवते, त्याच्या शेजारी बसून जेव."

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता इस्ब्रांट भट्टीवाले त्याच्याकडे आले. बिअरच्या भट्टीवर त्यांनी चांगलं कमावलं होतं, स्पार्न नदीवर नवं घर बांधलं होतं, आणि मुलीचं लग्न टेकड्यांपलीकडच्या एका जमीनदार घराण्यात ठरलं होतं. नवरदेवाकडच्यांना पिढीजात शिकारीचा हक्क. लग्नाचं जेवण नव्या घरात, नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या सणानंतर. मी तेव्हा पक्षी पोचवायला माळ्यावरच होते.

"मास्टर लुबर्ट," इस्ब्रांट म्हणाले, "मला असं चित्र पाहिजे, की बघणाऱ्याला वाटावं मी आत्ताच शिकारीवरून आलोय आणि आतल्या खोलीत बूट काढतोय."

"मालक, तुम्ही शिकारीला जाता?"

"मला कुठला हक्क. पण माझ्या जेवणघराला कुणी अडवलंय?"

त्यांना मधोमध एक तित्तिर हवा होता, एका पायानं खिळ्याला टांगलेला, मागे राखाडी भिंत. खाली शिकाऱ्याचं फुंकायचं शिंग, झोळी आणि दोन पाणलावे. लुबर्टनं बाकीचं सगळं सप्टेंबरातच रंगवून टाकलं आणि तित्तिरासाठी चित्रातल्या भिंतीवर जागा सोडली.

ऑक्टोबरात एका सकाळी टेकड्यांवरचा जाळेवाला माझ्याकडे तित्तिर घेऊन आला. तो जाळ्यात धरायचा, डोक्यात काठी घालायचा आणि परवान्याची चिठ्ठी दाखवून मला द्यायचा. त्या दिवशी एक नर फार देखणा होता. पोटावर घोड्याच्या नालासारखा तांबूस डाग, पिसू लागल्याची खूण नाही, रक्ताचा थेंब नाही. हातात घेतला तर ऊब होती. ऊब म्हणजे ताजेपणा, असं मी धरलं. माझी चूक तिथंच झाली. एवढ्या वर्षांत माझ्या फळीवरून असा पक्षी कधी गेला नव्हता. मी लुबर्टला निरोप धाडला, आणि तो तित्तिर डगल्याखाली घेऊन जवळजवळ पळतच गेला.

पुढचं मला आधी ट्राइननं सांगितलं, मग त्यानं.

त्यानं तित्तिर उजव्या पायानं टांगला. डोळा अर्धा मिटलेला होता. पक्ष्याची पापणी खालून वर येते. ती अर्ध्यावर येऊन थांबली होती. ती त्यानं रंगवली. मग पाय, मग चोच. ट्राइननं मध्ये काळा पाव आणि चीज आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. दुपार झाली. पिसांना हात घालण्याआधी तो खिडकीशी गेला, पाठीला ताण दिला, परत आला आणि पाहिलं तर डोळा उघडा.

त्याला वाटलं, आपलंच चुकलं. त्यानं कॅनव्हासकडे पाहिलं. तिथं डोळा अर्धा मिटलेला होता. परत पक्ष्याकडे पाहिलं. उघडा, ओला, आणि त्यात खिडकीचा उजेड. मग तित्तिरानं एकदम पंख झाडले. उलटा टांगलेला पक्षी पंख झाडतो तेव्हा पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज होतो. रंगाची पाटी खाली, जवसाच्या तेलाची वाटी खाली. ट्राइन जिना चढून आली तर लुबर्ट गुडघ्यांवर बसलेला, तित्तिर छातीशी धरलेला, आणि दोन बोटं मानेच्या वरच्या टोकाला.

"मला वाटलं आता पिळेल," ट्राइन म्हणाली. "कितीतरी वेळ तसाच बसला. मग हात सोडला."

दुकान आवरायच्या सुमाराला तो माझ्याकडे आला. बाहीला पांढरा रंग, डोक्यावर टोपी नाही.

"ताई, तो जिवंत आहे."

"कोण?"

"तू दिलेला तित्तिर."

मला आधी धंद्याची लाज वाटली. "मग मान पिळ. तुला मी शिकवायचं का आता?"

"बोटं गेली होती. आपसूक गेली. बोटांखाली ठोका लागला. मग मला काही ते..." तो माझ्या फळीसमोरून चालायला लागला, खांबापर्यंत जाऊन परत.

"दया आली?"

"दया नव्हे. ऐक तर. सकाळपासून चार तास मी त्याच्यासमोर उभा होतो. डोळा रंगवला. पापणीची कड रंगवली. पायाचं एकेक खवलं रंगवलं. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं, मेलाय. ताई, मी नक्की काय बघत होतो?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "एखादा राहतो कधी."

तो थांबला. "राहतो म्हणजे?"

तेवढ्यात एक म्हातारी येऊन विचारू लागली, बदक कोवळं आहे का. मी म्हटलं, तुमच्या दातांना चालेल. ती म्हणाली, माझे दात तुम्ही कधी मोजलेत. ती चोखंदळपणे एकेक पक्षी दाबून बघत होती आणि लुबर्ट तिच्या मागे उभा राहून माझ्याकडे बघत होता. ती गेली तेव्हा मला गप्प राहता आलं असतं. पण तो तसा उभा असताना जमेना.

"बाबांच्या टोपलीत राहायचा," मी म्हटलं. "तुझ्याही राहायचा. खोपटात मांडीवर घेतला आणि पोटाची पिसं ओढली, की डोळा उघडायचा."

"मग?"

"मग काय. मी करायची."

"मला का नाही सांगितलंस?"

"नऊ वर्षांचा होतास. बाबा गावभर तुझ्या हाताचे गोडवे गात होते. मी काय सांगणार होते?"

"किती असतील?"

"आठवत नाही," मी म्हटलं.

आठवत होतं. पहिला तर अजून डोळ्यांपुढे आहे. हिरव्या डोक्याचा नर, त्यानं माझ्या एप्रनचा बंद चोचीत धरला होता आणि मी त्याची मान धरेपर्यंत सोडला नाही. दुकानात पडलेली एक जुनी टोपी मी लुबर्टपुढे धरली. ती डोक्यावर घालून तो घराच्या उलट्या दिशेनं निघून गेला.

त्यानंतर तीन आठवडे त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तित्तिर माळ्यावर राहिला. टांगून टांगून त्याचा उजवा पाय दुखावला होता. तो लंगडत कॅनव्हासांच्या पाठीमागून फिरायचा आणि धान्याचे दाणे टिपायचा. लुबर्टनं माझ्याकडून दुसरा तित्तिर नेला. टांगला, आणि रंगवायचं सोडून बघत बसला. चोचीपुढे पीस धरलं. छातीवर तळवा ठेवला. खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा तळवा. तपासता तपासता दुपार झाली आणि जो डोळा रंगवायचा तो आत बसला. तिसरा नेला, तेच. चौथा नेला, तेच. संध्याकाळी ते पक्षी तो माझ्या फळीवर आणून ठेवायचा आणि मी ते मांजरांना घालायची.

बाकीचा वेळ तो चालायचा. शहराच्या तटावरून, नदीच्या काठानं, कापड वाळत घातलेल्या कुरणांच्या कडेनं. कुणी हाक मारली तर हात वर करायचा, थांबायचा नाही.

ट्राइन दुकानात आली, निखाऱ्याच्या पेटीवर पाय ठेवून बसली आणि म्हणाली, "वन्सं, मी या माणसाबरोबर दुर्गंधीत संसार केला. तक्रार केली, पण केला. आता घरात वास नाही, नुसती पावलं ऐकू येतात. मला तो वास बरा होता."

"तित्तिर कापून टाक," मी म्हटलं.

"मी? तो सकाळी माझ्या हातचे दाणे खातो." ती जरा ओशाळली. "नाव नाही हां ठेवलेलं."

मार्टिनच्या सणाला आठवडा राहिला तेव्हा इस्ब्रांट चौकशीला आले. माळ्यावर त्यांच्या बुटांमधून तित्तिर चालत गेला.

"हा अजून तयार व्हायचाय वाटतं," ते हसून म्हणाले.

"हाच तो," लुबर्ट म्हणाला.

"कोण?"

"चित्रातला."

इस्ब्रांटांनी कॅनव्हासकडे पाहिलं. तिथं एक डोळा, एक चोच आणि दोन पाय राखाडी भिंतीवर तरंगत होते. मग त्यांनी जमिनीकडे पाहिलं. "मग हा इथं काय करतोय?"

"चालतोय."

"मास्टर, मला लग्नात पाहुण्यांना दाखवायचंय. पक्षी मेला का जगला, ते तुमचं तुम्ही बघा. मला भिंतीवर पाहिजे."

ते गेल्यावर लुबर्टनं दोन दिवसांत चित्र संपवलं. पिसं त्यानं माझ्याकडच्या दुसऱ्या नराची घेतली. पाय आणि चोच आधीचीच ठेवली. डोळा मात्र खरवडून पुन्हा रंगवला, उघडा, त्यानं पाहिला होता तसा. मी विचारलं, हे कशाला. तो म्हणाला, "जे पाहिलं ते."

लग्नाच्या जेवणाला पक्षी माझ्याकडचे होते, म्हणून मी इस्ब्रांटांच्या स्वयंपाकघरात होते. दार उघडं असलं की आतली लांब मेजं दिसायची आणि भिंतीवरचं चित्र. रानबदकांचं ताट आत गेलं तेव्हा नवरदेवाचा चुलत आजोबा चित्रासमोर काठी टेकून उभा होता. वय ऐंशीच्या घरात, कानानं कमी, त्यामुळे बोलणं सगळ्या खोलीला ऐकू जाणारं.

"हा मेलेला नाही," तो म्हणाला.

सगळ्यांच्या माना चित्राकडे वळल्या.

"इस्ब्रांट, तुमच्या माणसानं मान नीट पिळली नाही. असा टांगलात तर रात्रभर तडफडेल बिचारा. ही कामं घाईत करू नयेत."

नवरदेवाकडचे हसले. इस्ब्रांटही हसले, पण त्यांच्या मानेपर्यंत लाली चढली. नवरीनं हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, मला मघापासून वाटतंय, तो माझ्याकडेच बघतोय. तिनं खुर्ची फिरवून घेतली. तिच्या शेजारणीनंही फिरवली. माझ्या बदकांना त्या टोकाला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडीवरून चित्र परत आलं. बरोबर मोलकरणीकडून निरोप: डोळा मिटून पाठवा.

मी तेव्हा माळ्यावरच होते, आदल्या दिवशीचं सांगायला गेले होते. मला वाटलं होतं लुबर्ट खचेल. त्यानं चित्राकडे बघितलंही नाही.

"तो म्हातारा कुठे आहे?"

"सकाळच्या होडीनं लाइडनला निघाला म्हणत होते. तिथं त्याची लेक असते."

त्यानं जिन्यावरूनच डगला चढवला. ट्राइन खालून म्हणाली, अरे ताकाची कांजी गरम आहे, पण तोवर दार वाजलं होतं. घोडा ओढतो ती होडी. माणूस पळत गेला तरी गाठत नाही. पण अर्ध्या वाटेवर घोडे बदलतात, उतारू उतरतात, काहीतरी पितात. लुबर्ट कालव्याच्या कडेनं तिथवर पळत आणि चालत गेला. म्हातारा खानावळीत बसून हेरिंग मासा खात होता.

हे सगळं लुबर्टनं मला नंतर सांगितलं, घाम पुसत, उभ्यानंच. त्यानं म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून विचारलं, "काल तुम्ही ओळखलंत, तो मेलेला नाही. डोळ्यावरून ना?"

"डोळा?" म्हातारा म्हणाला. "एवढ्या अंतरावरून मला डोळा कुठला दिसायला. पायावरून."

"कुठल्या?"

"मोकळ्या पायावरून. मेलेल्याचा मोकळा पाय निसटून बाजूला पडतो. याचा पोटाशी घेतलाय. तो धरून ठेवायला जीव लागतो. तूच चितारलास ना? मग तुला माहीत असणार."

लुबर्ट तिथून परत चालत आला. घरी आला तो थेट चित्रापाशी. मोकळा पाय खरंच पोटाशी होता. आणि तो पाय त्यानं पहिल्या दिवशी रंगवला होता, त्या चार तासांत, डोळा उघडायच्या आधी.

"म्हणजे मी बघत होतो," तो मला म्हणाला. "हातानं बरोबर काढलाय बघ. फक्त मला कळलं नव्हतं."

मला वाटलं, आता तो बसेल. पण नाही. आता तो चित्र द्यायलाच तयार होईना. डोळा मिटणार नाही म्हणाला. जे आहे ते आहे, इस्ब्रांटांना नको तर राहू दे माळ्यावर. ट्राइननं सांगून बघितलं, चिडून बघितलं, बोलायचं बंद करून बघितलं. इस्ब्रांटांची मोलकरीण दोनदा येऊन गेली. शेवटी ट्राइन माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुम्ही बोला वन्सं, तुमचं ऐकेल.

मी गेले. तो खिडकी ते चित्र, चित्र ते खिडकी चालत होता आणि तित्तिर जरा अंतर ठेवून त्याच्या मागून. मी चित्रासमोर स्टूल ओढून बसले. खरं सांगते, मलाही तो डोळा बघवत नव्हता. असे डोळे मी पाहिले होते, आणि भिंतीवर नाही, मांडीवर.

"लुबर्ट, हे त्यांच्या जेवणघरात टांगायचं आहे. तिथं त्यांच्या घरची माणसं रोज जेवणार."

"बघू देत ना त्यांना. आपण खातो ते काय असतं, ते कळू दे."

"त्यांना कळत नाही असं तुला वाटतं? कळूनच खातात. सगळेच." मग मी ते बोलले जे बोलायचं नाही असं ठरवून आले होते. "लहानपणी तुझे मी मिटले. कितीतरी मिटले आणि तुला कळू दिलं नाही. हा एक तू मीट."

तो उभा राहिला. तित्तिरही थांबला. 

मग त्यानं बारीक ब्रश घेतला. पाटीवर सफेदा, थोडा तांबडा, हाडं जाळून केलेला काळा घातला आणि पापणीचा रंग कालवला. खालून वर, तीन फटकारे. अर्ध्यावर न थांबता पूर्ण वर नेली पापणी. पायाला हात लावला नाही. ब्रश पुसून ठेवला, खाली गेला, हात धुतले आणि ट्राइननं वाढलेली वाटाण्यांची आमटी दोन वाडगे खाल्ली. पाय बाकाखाली हलत होते.

इस्ब्रांट खूश झाले. पाय त्यांच्या कधी लक्षात आला नाही. म्हातारा पुन्हा त्या घरी आला असेल तर त्यानं काय म्हटलं, ते मला माहीत नाही. लुबर्टनं पुढे बरेच दिवस इस्ब्रांटांच्या दारावरून जायचं टाळलं. त्याला ते चित्र आवडलं का, हे मी कधी विचारलं नाही.

मार्चमध्ये, तित्तिर जोड्या करतात त्या दिवसांत, आम्ही दोघं त्याला टोपलीत घालून टेकड्यांवर घेऊन गेलो. ट्राइन आली नाही; तिला कामं होती म्हणे. वाऱ्यानं वाळू डोळ्यांत जात होती. लुबर्टनं गवताच्या कडेला टोपली आडवी केली, झाकण काढलं. तित्तिर बाहेर येईना. लुबर्टनं टोपलीवर टिचक्या मारल्या. मग उठून दहा पावलं गेला, परत आला, वाकून आत पाहिलं. "येत का नाही?"

"तू तिथं उभा आहेस म्हणून," मी म्हटलं.

तो पुढच्या टेकडीकडे निघून गेला. मी वाळूत बसून राहिले. बऱ्याच वेळानं तित्तिरानं मान बाहेर काढली, मग पूर्ण बाहेर आला, अंग फुगवलं आणि चालत गवतात शिरला. थोड्या वेळानं लांबून तित्तिराची साद आली. याची की दुसऱ्या कुणाची, काय सांगावं.

"गेला?" लुबर्ट परत आला तेव्हा धापा टाकत होता.

"गेला."

"उडाला?"

"चालत गेला."

"लंगडत?"

"थोडा."

त्यानं मान हलवली, रिकामी टोपली उचलली आणि आम्ही शहराच्या वाटेला लागलो.

लुबर्टनं त्यानंतरही पक्षीच रंगवले. त्याला दुसरं येत नव्हतं आणि लोकांना त्याच्याकडून दुसरं नको होतं. काम पूर्वीसारखंच घाईनं करतो, माळ्यावरच्या फळ्या आता बदलाव्या लागल्यात. एवढाच फरक पडला, की पक्षी न्यायला तो निरोपाची वाट बघत नाही. रोज सकाळी दुकान उघडायच्या आत येतो, फळीवरच्या एकेका पक्ष्याच्या छातीवर तळवा ठेवतो, आणि नुसता आपल्या पक्ष्यावर नाही, सगळ्यांवर, कोंबड्यांवरसुद्धा. ज्यावर तळवा जास्त वेळ राहतो, तो मी गुपचूप बाजूला काढते. आजवर एकही पुन्हा उठलेला नाही. नवं गिऱ्हाईक असलं तर घाबरून विचारतं, हा माणूस काय करतोय. मी सांगते, माझा भाऊ आहे, चित्रकार आहे. जरा दम धरा. त्याचं झालं की घ्या.